श्रीकुट्टी गेली

शेवंता | ६ जुलै २०२१, रात्री ११:४०

श्रीकुट्टी म्हणजे हत्तीचं पिल्लू. तिच्यावर इथे लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. काल तिच्यासोबतच्या अर्जुनचीही बातमी आली, मग राहवलं नाही. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आम्ही सहा वर्षं तिरुअनंतपुरमला आहोत, नवऱ्याच्या नोकरीमुळे. शहरापासून तासाभरावर, नेय्यार धरणाच्या पाण्याला लागून, कोट्टूरजवळ काप्पुकाड म्हणून जागा आहे. तिथे केरळ वनखात्याचं हत्ती पुनर्वसन केंद्र आहे. कळपातून तुटलेली, जखमी, आई मेलेली पिल्लं तिथे आणतात. श्रीकुट्टी त्यातलीच. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेनमलाच्या जंगलाकडे, अंबनाडच्या चहामळ्याजवळ सापडली. जेमतेम काही दिवसांची, अंगभर जखमा. जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण जगली.

आम्ही तिला पहिल्यांदा बघितलं फेब्रुवारी २०२० मध्ये. तेव्हा ती स्वतःच्याच सोंडेवर पाय द्यायची आणि मग दचकायची. सोंड म्हणजे आपल्याला चिकटलेलं काहीतरी आहे, याचं काय करायचं ते ठाऊक नाही, असा सगळा कारभार. डोक्यावर उभे राठ केस, काथ्याच्या पायपुसण्यासारखे. अंगाला दुधाचा आणि शेणाचा मिळून एक आंबूस वास. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. बराच वेळ बघून म्हणाला, "हिला सोंड शिकवायला कोणी नाहीये." मी काहीतरी उत्तर दिलं असेल, आठवत नाही. त्याचं वाक्य आठवतं.

८ नोव्हेंबर २०२० ला तिचा पहिला वाढदिवस झाला. नाचणी आणि तांदळाचा केक केला होता. तो व्हिडिओ इथे बऱ्याच जणांनी पाहिला असेल, पार गावाकडच्या ग्रुपांवरही फिरला. शेवटचं बघितलं या मार्चमध्ये. अंगाने चांगली भरली होती, माहुताला पाठीमागून ढुशी देऊन बाटली मागत होती.

२८ जूनला गेली. हत्तींना होणारा नागिणीच्या जातीचा विषाणू, असं निदान सांगतात. आदल्या दिवसापर्यंत म्हणे खेळत होती. आणि काल चार वर्षांचा अर्जुन.

आता खरं सांगायचं ते सांगते. मे महिन्यात माझा सख्खा मामा सांगलीला कोविडने गेला. मला जाता आलं नाही. दहाव्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आला, तो मी पूर्ण पाहिला आणि उठून कुकर लावला. डोळ्यांत टिपूस नाही. आणि हत्तीच्या पिल्लाची बातमी वाचून मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मुलाला अजून सांगितलेलं नाही. हे कुणाला बोलायची लाज वाटते, म्हणून इथे, टोपणनावाने.

*

बकुळफुल | ७ जुलै २०२१, सकाळी ७:१५

शेवंताताई, भावना पोचल्या. तो केकचा व्हिडिओ मी आजीला दाखवला होता, तिने मोबाईलवरूनच दृष्ट काढली होती. लाज कसली वाटून घेता.

*

रोखठोक | ७ जुलै २०२१, सकाळी ९:०२

वाईट वाटेल, पण लिहितो. या एप्रिल-मेमध्ये आमच्या एका गल्लीत अकरा माणसं गेली. स्मशानात टोकन होतं, टोकन. त्यांच्यावर इथे एक धागा निघाला नाही. आणि केरळातल्या हत्तीसाठी "भावपूर्ण श्रद्धांजली". त्याच हत्तींचे भाऊबंद शेतकऱ्याच्या अंगावर जातात तेव्हा आपण बातमी वाचून पान उलटतो. तुमच्या दुःखाबद्दल आकस नाही, हिशोब तेवढा चुकतोय असं वाटतं.

*

पशुवैद्य_पुणेकर | ७ जुलै २०२१, सकाळी १०:३०

मी कुत्र्यामांजरांचा डॉक्टर, हत्तींचा नाही, हे आधीच सांगतो. पण या आजाराबद्दल वाचलेलं आहे, आणि धाग्यात "आदल्या दिवसापर्यंत खेळत होती" असं आलंय, ते समजावून सांगावंसं वाटतं. नाहीतर लोक लगेच "लक्ष दिलं नाही" म्हणतील.

हा हर्पीसच्या कुळातला, फक्त हत्तींना होणारा विषाणू. माणसाला लहानपणी कांजिण्या होतात आणि विषाणू अंगात दडून बसतो, तसा हा मोठ्या हत्तींच्या अंगात बहुधा असतोच, आणि त्यांचं काही बिघडवत नाही. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात कुमारी नावाचं सोळा महिन्यांचं आशियाई पिल्लू असंच अचानक गेलं, त्यावरून या आजाराचा माग लागला. मोठा धोका साधारण एक ते आठ वर्षांच्या पिल्लांना. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरलेली असतात आणि स्वतःची पुरेशी तयार झालेली नसतात. ज्याला आईचं दूधच धड मिळालं नाही, त्याची पुंजी मुळातच तुटपुंजी असणार, हा माझा अंदाज.

विषाणू उसळला की बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जातं. रक्त आतल्या आत झिरपतं, हृदयालाही गाठतं. बाहेरून काय दिसतं? पिल्लू जरा मलूल, डोकं सुजल्यासारखं, जीभ जांभळी. जीभ जांभळी दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. लक्षणं दिसल्यापासून एक ते तीन दिवसांत खेळ खलास. म्हणून जगभरचे जाणते माहूत रोज सकाळी पिल्लाचं तोंड उघडून जीभ बघतात.

औषध आहे, माणसांच्या नागिणीवरचंच. हत्तीच्या मापाने द्यायचं म्हणजे गोळ्यांचा ढीग, आणि आजारी पिल्लू तोंडाने घेत नाही, मग गुदद्वारातून. वेळेत दिलं तर काही पिल्लं तगतात. लस नाही.

रोखठोक, टोकनचं मीही पाहिलंय. धाकट्या भावासाठी उभा होतो. तरी परवा दवाखान्यात एक म्हातारी बोका घेऊन आली, तिच्यापुढे मला हिशोब मांडता आला नाही.

*

झाडीपट्टी | ७ जुलै २०२१, दुपारी १:१८

केरळ कशाला, आपल्याकडेच बघा. गडचिरोलीत कमलापूरला १९६२ पासून सरकारी हत्तीकॅम्प आहे, राज्यातला एकुलता एक. पूर्वी लाकूड ओढायचे, आता लोक बघायला येतात. तिथला आदित्य गेल्या वर्षी गेला. लहानच होता. आमच्या भागात चार दिवस सगळे तेच बोलत होते. मुंबई-पुण्याच्या पेपरात एवढीशी चौकट. आमच्याकडे हत्ती आहेत हेच निम्म्या महाराष्ट्राला माहीत नाही, मग मेलेले कुठून कळणार.

*

दोडामार्गकर | ७ जुलै २०२१, रात्री ८:४४

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

रोखठोक साहेब, शेतकऱ्याचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. मी शेतकरी. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती आमच्या सिंधुदुर्गात उतरायला लागले. माझ्या बापाने लावलेले माड, पोफळी, केळी, एका रात्रीत उताणे पडलेले मी पाहिलेत. माड पाडतो तो नुसता खायला नाही. शेंड्यातला कोवळा गाभा काढतो, बाकी तिथेच. पंधरा वर्षांचं झाड, पंधरा मिनिटं. रात्री डबे वाजवायचे, सुतळी बॉम्ब लावायचे, सकाळी पंचनाम्याची वाट बघायची. तेव्हा हत्ती म्हणजे गणपती वगैरे मला कोणी सांगू नये.

पण २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले. दोन त्या कॅम्पातच मेले, तिसरा कर्नाटकात नेला. पहिला मेला त्या दिवशी आमच्या वाडीत कोणी फटाके वाजवले नाहीत. बाबा नुसते खळ्यात बसून होते. म्हणाले, "माड खाल्ल्यान खरे, पण असो मराक नको होतो."

बाबा पुढच्या वर्षी गेले. ते हिशोबाचं मला तरी जमत नाही.

*

नैरोबीकर | ८ जुलै २०२१, पहाटे २:०५

इथे नैरोबीत एकोणीस वर्षं झाली. शहराच्या कडेला, नॅशनल पार्कला लागून, शेल्ड्रिक ट्रस्टची अनाथ हत्तींची नर्सरी आहे. गावाकडून पाहुणे आले की त्यांना अकरा वाजता तिथे न्यायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच. तासभर उघडी असते. झुडपांतून पिल्लं एका रांगेत पळत येतात, कान फडफडवत, आणि हिरव्या कोटातल्या माणसांच्या हातातली बाटली हिसकतात. वर्षाला पन्नास डॉलर दिले की एखादं पिल्लू तुमच्या नावावर दत्तक. मग दर महिन्याला त्याची खबरबात येते. कधीतरी वाईट खबरही येते. आमच्याकडे दोनदा आलीय.

शेवंताताई, तुमचं न्हाणीघराचं वाचून मला आयेशा आठवली. डॅफ्नी शेल्ड्रिकबाईंचं नाव काहींनी ऐकलं असेल, २०१८ मध्ये गेल्या. नवरा डेव्हिड इथल्याच त्सावो ईस्ट नॅशनल पार्कचा वॉर्डन. आईविना आलेलं दूधपितं पिल्लू जगवायचं कसं, हे तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. गाईच्या दुधातली चरबी त्यांना सोसत नाही, जुलाब लागतात आणि पिल्लू सुकत जातं. बाईंनी वर्षानुवर्षं नाना प्रकारची भेसळ करून पाहिली. शेवटी नारळाच्या तेलावर येऊन जमलं. (कोकणातल्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं, असं माझी बायको म्हणते.)

त्यावर पहिलं जगलेलं नवजात पिल्लू म्हणजे आयेशा. साल १९७४. सहा महिन्यांची झाली. मग बाईंच्या मुलीचं लग्न निघालं, त्या काही दिवस नैरोबीला गेल्या. पिल्लू दुसऱ्यांच्या हवाली, दूध तेच, बाटली तीच. तिने खाणंपिणं सोडलं. बाई परत आल्या तेव्हा जीव जेमतेम उरला होता. त्यांच्या हातातच गेली.

त्यानंतर नियमच झाला की पिल्लाने एकाच माणसाचा लळा लावून घ्यायचा नाही. आजही नर्सरीत राखणदार रात्री पिल्लांच्या खोलीत झोपतात, पण पाळीपाळीने, आज हा, उद्या तो. पिल्लू कळपावर जीव लावतं, माणूस बदलला तरी उपाशी राहत नाही. राखणदारांचं काय, ते मी एकाला विचारलं होतं. तो हसला आणि म्हणाला, आमच्यासाठी अशी पाळी कोणी लावलेली नाही.

*

रोखठोक | ८ जुलै २०२१, सकाळी ९:२०

दोडामार्गकर, पशुवैद्य, माझा सूर चढा होता. त्या अकरात माझी आई होती. ते आधी लिहायला हवं होतं, किंवा काहीच लिहायला नको होतं. शेवंता, राग मानू नका.

*

शेवंता | ८ जुलै २०२१, दुपारी ३:३३

रोखठोकदादा, राग कसला. आई गेली आणि तुम्ही गल्लीतली अकरा म्हणून सांगितलंत, तेवढ्यावरूनच कळलं. आईविषयी कधी लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, मी वाचेन.

मुलाला काल सांगितलं. रडला नाही. विचारलं, "अर्जुन आणि ती आता एकाच ठिकाणी आहेत का?" मी हो म्हटलं. "मग बरं," म्हणाला आणि सायकल घेऊन खाली गेला. रात्री जेवताना मात्र एकदम म्हणाला, "तिला वाढदिवसाला सोंड येत होती. केक सोंडेने खाल्ला होता." मी व्हिडिओ पुन्हा काही लावला नाही. तो सांगतो तर खाल्ला असेल.

*

शेवंता | २ एप्रिल २०२३, रात्री १०:१०

जुना धागा वर काढतेय. नवा काढायचा धीर नाही.

परवा मुदुमलैच्या तेप्पकाडू हत्तीकॅम्पातलं पिल्लू गेलं. तमिळनाडूत धर्मपुरीकडे विहिरीत पडलं होतं, मार्चमध्येच वर काढलेलं. वनखात्याने कळपात सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शेवटी तिथल्या बोम्मन आणि बेल्ली यांच्याकडे दिलं. रघू आणि अम्मू या अनाथ पिल्लांना वाढवणारं, ऑस्कर मिळालेल्या माहितीपटातलं जोडपं तेच. जगाने टाळ्या वाजवल्या आणि त्याच महिन्यात त्यांच्या हातात हे पिल्लू. पंधरा दिवसांत जुलाबांनी गेलं.

नैरोबीकर, तुमचं नारळाच्या तेलाचं आठवलं. इतकी वर्षं झाली, औषधं आली, पावडरी आल्या, आणि पिल्लं अजून दुधावरच अडतात.

आणि एक. मामाचं दोन वर्षांनी आठवलं ते आता लिहून टाकते. मी सहा-सात वर्षांची असताना मामा मला सांगलीच्या गणपतीच्या हत्तीकडे न्यायचा. खिशात केळी. मी घाबरून त्याच्या धोतरामागे, आणि तो केळं माझ्या हातात देऊन माझं मनगट धरून पुढे करायचा. सोंडेचं टोक ओलं, वर एकच बोट असल्यासारखं, तळहातावर चाचपत यायचं. हे मी पार विसरले होते. काप्पुकाडला श्रीकुट्टीने माझा हात हुंगला तेव्हाही आठवलं नव्हतं. परवा ही बातमी वाचताना आठवलं, भाजी निवडताना.

*

झाडीपट्टी | ३ एप्रिल २०२३, सकाळी ११:००

ताई, आमच्या कमलापूरला आदित्यनंतर सई गेली, मग अर्जुनही गेला. तुमच्याकडेही अर्जुन, आमच्याकडेही अर्जुन. मध्यंतरी कॅम्पातले हत्ती गुजरातला हलवायचं निघालं तेव्हा इकडे लोक रस्त्यावर उतरले होते. पिल्लं जातात म्हणून हत्तीच हलवा, हे आम्हाला पटणारं नाही. पण कॅम्पाला कायमचा डॉक्टर द्या, हे आम्ही पहिल्यापासून म्हणतोय.

*

बकुळफुल | ४ मार्च २०२४, दुपारी ४:४७

या धाग्यावर असावं म्हणून टाकतेय. उत्तर बंगालमधल्या चहामळ्यांतल्या पाच घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झालाय, परवीन कासवान आणि आकाशदीप रॉय यांचा. कळपाने मेलेलं पिल्लू मळ्यातल्या पाण्याच्या चरापर्यंत ओढत, उचलत आणलं आणि मातीखाली पुरलं. पाचही वेळा पिल्लू पाठीवर, पाय वर. वस्तीपासून लांबची जागा. नंतर त्या वाटेने जायचं कळपाने टाळलं.

मळेवाल्यांचे चर कामाला आले म्हणायचे. हत्तींना सगळीकडे आपण केलेले खड्डेच मिळतात, कधी विहीर, कधी चर. आणि एक चांगलंही टाकते: डिसेंबरात तमिळनाडूत आनमलैला वनखात्याने चुकलेलं पिल्लू आईशी परत जोडून दिलं. नंतर आईच्या कुशीत झोपलेला त्याचा फोटो आला होता, पाहिला नसेल तर नक्की शोधा.

*

पशुवैद्य_पुणेकर | २९ जून २०२४, सकाळी ८:०५

२०२१ मध्ये मी इथे "लस नाही" असं दोन शब्दांत लिहिलं होतं. दुरुस्ती करतो. ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात या महिन्यात टेस नावाच्या चाळीस वर्षांच्या हत्तिणीला या विषाणूवरची पहिली लस टोचली. बेलर वैद्यकीय महाविद्यालयाच्या लोकांनी बनवलेली, कोविडच्या वेळी ऐकलं ते एमआरएनए तंत्र इथेही वापरलंय. आधी मोठ्या हत्तीवर का, तर ती सोसते का आणि रक्तात काय फरक पडतो हे बघायला. पिल्लांपर्यंत, आणि पुढे कोट्टूर-कमलापूरपर्यंत कधी पोचेल, ते आज कोणी सांगू नये. मीही सांगत नाही. काल २८ जून होती, म्हणून आठवणीने लिहिलं.

*

शेवंता | २९ जून २०२४, रात्री ९:५०

तुम्ही तारीख लक्षात ठेवलीत. मी विसरले होते, काल दिवसभर पाहुणे होते. मुलाला लसीचं वाचून दाखवलं. आता नऊ वर्षांचा आहे, म्हणाला, "टोचताना सोंड कोण धरतं?" माहीत असल्यास सांगा.

*

पशुवैद्य_पुणेकर | ३० जून २०२४, सकाळी ७:४०

बहुतेक कोणी धरत नाही. कान किंवा पाय स्वतःहून पुढे करायला शिकवलेलं असतं, आणि दुसऱ्या बाजूने एकजण खाऊ भरवत राहतो. माझ्याकडच्या लॅब्रेडॉरला हे शिकवायला मला अजून जमलेलं नाही.

*

दोडामार्गकर | ११ जुलै २०२४, सकाळी ६:२६

काल रात्री आमच्याकडे आले होते. टॉर्च मारला तर मागे बारकं पिल्लू, मादीच्या पायांत. बॉम्ब हातात होता, लावला नाही. बायको म्हणाली, डबा वाजवा, तेवढ्याने जातील. डब्यानेही गेले नाहीत, आपल्या वेळेनेच गेले. माड दोन, केळीची ओळ एक. पंचनामा उद्या आहे म्हणतात.